दोर कुणाच्या हातात

विहिरीत उतरायचं असलं की चांगुणाबाय आधी दोर बघायची नाही, माणसं बघायची.

काठावर गर्दी असायचीच. कुणाचा हंडा पडलेला असे, कुणाच्या पंपाचा पाइप गाळात रुतलेला असे. एकदा तर एका नव्या जावयाचं घड्याळ पडलं होतं आणि जावयापेक्षा सासराच जास्त घामाघूम झाला होता. चांगुणाबाय लुगड्याचा काष्टा आवळायची, बुचडा घट्ट करायची आणि धसईच्या बाजारात वांगी निवडावीत तशी जमलेल्या माणसांवरून नजर फिरवायची. दणकट बाप्ये पुढे सरसावायचे. ती एकेकाला बाजूला काढायची. "तू नको, तुझं तोंड चालतं." "तू नको, तुझी तंबाखूची टाइम झालीय." "तू माझ्याकडं बघतोस, दोराकडं नाय." आणि मग मागे उभ्या असलेल्या एखाद्या काटकुळ्या, गप्प माणसाकडे बोट दाखवायची. "तू ये रे. तू धर."

चांगुणाबायचा दोर धरला, ही आमच्या गावात पदवी होती. मला ती एकदाच मिळाली आणि मी ती दहा मिनिटांत घालवली.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. परवा ती मोबाईलवर समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्यांची यादी बघत बसली होती. सुट्टीत मैत्रिणी मिळून जाणार आहेत. कुणाला किती तारे, कोण किती फोटो देतो, कुणाकडे जेवण फुकट. "आजी, ह्यांना पावणेपाच तारे आहेत," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्यांना विचार, आजवर कुणाला नेणार नाही म्हणून परत पाठवलंय का." तिने माझ्याकडे आजीकडे बघतात तसं बघितलं. तिचाही दोष नाही. तिने चांगुणाबाय पाहिली नाही.

मी पाहिली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मुरबाडहून धसईची एस.टी. पकडायची आणि धसईच्या पुढे पायी जायचं, अशा गावातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली. मी आसनगावची, नळाच्या पाण्यावर वाढलेली. वय तिशीचं, हातात पर्स, डोक्यात डी.एड.ची सगळी पुस्तकं. गावाने माझी किती वर्षं वाट पाहिली असेल, असं मला मनापासून वाटायचं. गावाला मी आल्याचं कळलं ते पहिल्याच महिन्यात माझी कळशी विहिरीत पडली तेव्हा. आईने दिलेली पितळी कळशी. फास कसा टाकायचा ते कुणाला विचारायला मला कमीपणा वाटला होता.

चांगुणाबाय पाड्यावरून आली. गावाच्या कडेला चार घरांचा पाडा होता, त्यातलं शेवटचं घर तिचं. पन्नाशीच्या आतली, काळी, बुटकी, पायांची बोटं फताडी. तिचा बाप विहिरी उपसायचा, गाळ काढायचा, त्याच्याकडून ती शिकली. नवरा होता तोवर दोर त्याच्याच हातात असे. तो मुलखाचा अबोल माणूस. गावात म्हणायचे, लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाही तो तिच्या पायांकडेच बघत होता, घसरते की काय म्हणून. तो गेल्यापासून तिला प्रत्येक वेळी नवा माणूस निवडावा लागायचा.

त्या दिवशी तिने सगळ्या बाप्यांना बाजूला काढलं आणि बोट माझ्याकडे दाखवलं.

"मी?" मी म्हटलं. "मला तर पोहताही येत नाही."

"तुला भ्या वाटतंय," ती म्हणाली. "भिनारा मानूस दोर सोडत नाय. एक हिसका म्हंजे सोड. दोन हिसके म्हंजे ओढ. आनि बोलू नको."

ती उतरली. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या मुठीत. बायका भोवती जमल्या आणि एकीने विचारलं, "इतका वेळ दम कसा धरते हो ही?" झालं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. जसजसं खोल जावं तसतसा पाण्याचा दाब कसा वाढतो, हे मी त्यांना समजावून सांगू लागले. एक हात दोराला, दुसरा हवेत, जणू तिथे फळा टांगलाय. दोन हिसके आले असणार. मला कळलेच नाहीत. चांगुणाबाय भिंतीच्या दगडांना धरत धरत आपली आपण वर आली, तेव्हाही माझा धडा चालूच होता. तिने कळशी माझ्या पायाशी ठेवली, कमरेचा दोर सोडला, तोंडावरून हात फिरवला.

"दाब वाढतो म्हनतेस?" ती म्हणाली. "खाली व्हते तवा लई कळला गो बाय मला तुझा दाब."

सगळा काठ हसला. मला वाटलं आता ती शिव्या घालेल. ती फक्त जाताना वळून म्हणाली, "हात चांगला हाय तुझा. तोंडाचं काय तरी कर."

त्यानंतर तिने मला कधी दोर दिला नाही. दिला नाही म्हणजे, मी पुढे पुढे करूनही दिला नाही. मी काठावर गप्प उभी राहून दाखवायचे, ओठ मिटून. ती बघायची, हसायची आणि दुसऱ्याला बोलवायची.

पण पोहायला मात्र तिनेच शिकवलं, मला आणि शाळेतल्या मुलींना. त्या काळी गावात मुलगे पोहायला शिकत नसत, त्यांना विहिरीत ढकलून दिलं जाई आणि ते पोहत बाहेर येत. मुलींचं कुणी नावच काढत नसे. चांगुणाबाय उन्हाळ्यात सकाळी एकेक मुलगी घेऊन जायची, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायची आणि पाण्यात सोडायची. मी त्याआधी पुस्तक वाचून तयारी केली होती. खाटेवर पालथं पडून आठ दिवस हातपाय मारले होते. पाण्यात पहिल्या दिवशी मी जे काही केलं ते बघून ती म्हणाली, "खाट बुडली असती तर तू वाचली असतीस."

तिची एक खोड होती, तिने पुष्कळ माणसं दुखावली. ती परत पाठवायची. आलेल्या मुलीच्या डोळ्यांत बघायची, कपाळाला हात लावायची आणि चार दिवसांतून एकदा तरी कुणाला तरी म्हणायची, "आज नाय." एकदा गावातल्या एका वजनदार माणसाने स्वतः मुलीला आणलं. नवा कोरा डबा, नवा दोर, सोबत दोन गडी. चांगुणाबायने पोरीचं नाक पाहिलं.

"आज नाय. सर्दी हाय तिला."

"जराशी सर्दी. त्याने काय होतंय?"

"कान जातो."

"मी सांगतो ना, घाल पाण्यात."

"तुमच्या घरात तुमी सांगाल ते," ती म्हणाली. "पान्यात मी सांगेन ते."

तो माणूस तणतणत गेला. मी तिला म्हटलं, कशाला मोठ्या माणसाशी वाकडं घेतेस, पाच मिनिटं पाय बुडवून पाठवायची. ती डबा उन्हात वाळत घालत होती. "ज्याला नाय म्हनता येत नाय," ती म्हणाली, "त्यानं कुनाला पान्यात नेऊ नये." पाचव्या दिवशी ती मुलगी आली, नाक कोरडं करून आणि बापाला न सांगता. आज आमच्या गावातल्या ज्या बाया पोहतात आणि आपल्या पोरींना शिकवतात, त्या सगळ्या त्या डब्याच्या लेकी. मी शाळेत काय शिकवलं ते त्यातल्या किती जणींना आठवतं, हे मी विचारत नाही.

कान जातो, हे तिला काही वर्षांनी स्वतःवरून कळायचं होतं. दोन हजार सालाच्या अलीकडे-पलीकडे एका खोल विहिरीतून पंप काढताना तिच्या उजव्या कानात काहीतरी फुटलं. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, पाण्यात उतरायचं नाही. ती उतरली नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही. बोलताना डावा कान पुढे करायची सवय लागली आणि कुणी विचारलं की सांगायची, "उजवा इहिरीला दिला." पुढे शाळेत खिचडी शिजवायचं काम तिला मिळालं. मधल्या सुट्टीत मुलांना वाढून झालं की आम्ही दोघी पडवीत बसायचो. तेव्हा कधीतरी ती बोलून गेली.

"बाय, इहिरीचा तळ मी कवा बघितला नाय."

"अगं, तू आणि तळ बघितला नाहीस?"

"तळाला अंधार असतो. गाळ उठतो. हातानं बघायचं. कळशी हातानं वळखते, पंप वळखते, पान्यातला साप बी वळखते. पन डोळ्यानं नाय बघितला. कसा दिसत असेल गो?"

मी भूगोल शिकवणारी बाई. माझ्या पुस्तकात विहिरीचा तळ कुठेच नव्हता.

तिला उत्तर सापडलं ते एका फोटोत. आमचा बायकांचा बचत गट होता, मी त्याची सचिव. गटातल्या सुशीलाचा भाऊ मालवणला जाऊन आला होता आणि त्याने समुद्राखाली काढलेला फोटो तिने बैठकीत फिरवला. निळं पाणी, खाली वाळू, दगड, दगडावरचं झुडूप, सगळं लख्ख. चांगुणाबायने तो फोटो हातात धरला आणि बैठक संपेपर्यंत सोडला नाही. दरवर्षी आमची सहल देवाला जायची. त्या वर्षी देव मागे पडला. चांगुणाबायने गटातल्या बाकी आठही जणींना एकेकीच्या घरी जाऊन पटवलं. ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ती दारोदार म्हणत होती, "मालवणला जाऊ. मला तळ बघायचाय."

"आणि कान?" मी विचारलं.

"तिथं यंत्र असतं, हवा असते. काय सांगावं, चालत बी असंल. विचारू."

सहल ठरवायचं काम सचिवाचं. तेव्हा मी नुकताच मोबाईल घेतला होता आणि तो वापरायला निमित्त शोधत असे. कुणाकडून तरी एक नंबर मिळवला, फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की मी तिथेच हो म्हणून टाकलं. पाच वर्षांच्या मुलापासून ऐंशीच्या आजीपर्यंत सगळे जातात, मॅडम, म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी फोनवर मॅडम म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मी आठ बायका समुद्रात टाकायला निघाले होते.

पहाटे गाडी करून निघालो, संध्याकाळी मालवणला पोचलो. सकाळी किनाऱ्यावर गेलो तर माझी निवड अगदी डोळ्यांत भरण्यासारखी होती. मोठा फलक, सगळ्या माणसांना एकसारखे निळे शर्ट, माशांचे चकचकीत फोटो टांगलेले. मी बायकांना घेऊन ऐटीत तिकडे वळले. चांगुणाबाय नव्हती. ती वाळूत फतकल मारून बसली होती आणि परत येणाऱ्या होड्या बघत होती.

"चल ना."

"बस जरा."

आम्ही बसलो. सकाळ अर्धी सरली. बायका कुरकुरायला लागल्या. ती होडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघतच नव्हती, होडीत मागे राहिलेल्याकडे बघत होती. शेवटी ती उठली, पदर खोचला आणि निळ्या शर्टवाल्यांकडे गेली. मी मागोमाग.

"माझा कान फुटलेला हाय," तिने सांगितलं. "चालंल काय?"

"कापूस घालू, काकी. काही होत नाही."

ती पुढच्या मांडवात गेली. तिथला तरुण म्हणाला, एका कानाचं काय घेऊन बसलात, फोटो असा काढून देतो की सून जळली पाहिजे. ती हसली, वळली आणि चालायला लागली. मी तिला वाटेत गाठलं. माझी घाई चालली होती, बायका खोळंबल्या होत्या आणि माझी मॅडमकी धोक्यात होती.

"दोघं हो म्हणतायत ना?" मी म्हटलं. "तुला तळ बघायचाय ना?"

"बघायचाय."

किनाऱ्याच्या टोकाला माडाच्या झापांचं एक खोपट होतं. फलक नाही, फोटो नाही. साठीचा एक माणूस उकिडवा बसून, तोंडात धरायच्या नळ्या एकेक करून बादलीत धूत होता. आम्हाला बघून उठलाही नाही. उलट त्यानेच प्रश्न सुरू केले. दमा कुणाक? छातीची काय तक्रार? प्रेशर? मी चांगुणाबायच्या डाव्या कानाशी वाकले आणि आज लिहायलाही लाज वाटते ते बोलले.

"कानाचं सांगूच नको ह्याला. काही कळायचं नाही."

ती थांबली. माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं त्या पहिल्या दिवशी कळशी ठेवतानाही बघितलं नव्हतं.

"दोर धरनाऱ्याशी खोटं बोलून खाली उतरायचं?" ती म्हणाली. "हेच शिकलीस इतकी वर्सं?"

आणि तिने त्याला सांगितलं. विहीर, पंप, डॉक्टर, सगळं.

माणसाने नळी खाली ठेवली. "तुमका मी न्हेवचंय नाय."

"लई लांबून आले रे भाऊ."

"लांबसून इल्यात म्हणान कान बरो होतलो?"

"पाच मिनिटं. जरा खाली."

"नाय म्हणजे नाय. वाटल्यास बाकीच्यांका पण न्हेवचंय नाय."

चांगुणाबायने मान फिरवली. समुद्राकडे बघत राहिली. मी तिला पंधरा-सोळा वर्षं ओळखत होते, पण तिच्या तोंडावर तसलं काही मी आधी पाहिलं नव्हतं. पोर परीक्षेत नापास झाल्यावर घरी जायच्या आधी शाळेच्या फाटकाशी थांबतं, तशी ती थांबली. मग पदराने तोंड पुसलं आणि बायकांकडे वळली.

"ह्याच्याकडं जायचं."

"अगं, तो तुलाच नको म्हणाला," सुशीला म्हणाली.

"म्हनून तर," ती म्हणाली. "तुमच्यासाठी बघत व्हते मी."

होडीत ती आमच्याबरोबर आली, वरच बसायला. पाण्यात गेल्यावर खुणा कशा करायच्या ते त्या माणसाने शिकवलं. मी तेव्हा सुशीलाला पाण्याचा दाब समजावत होते. त्यामुळे खाली गेल्यावर व्हायचं तेच झालं. केवढे मासे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, नाकासमोरून जाणारे. हरखून मी, मला खाली नेणाऱ्या त्या माणसाच्या मदतनिसाला अंगठा वर करून दाखवला, म्हणजे छान आहे. त्या दुनियेत अंगठा वर म्हणजे मला वर न्या. त्याने मला इमानेइतबारे वर नेलं. डोकं पाण्याबाहेर आलं तर समोर होडीच्या कडेवर चांगुणाबाय.

"तुला खाली जाऊन बी बोलायचंच व्हतं," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा हात घट्ट आवळून ठेवले होते.

दोन बुड्यांच्या मधे मी एक पाहिलं. वर होडीत तो खोपटातला माणूस एका बादलीत तोंड घालून पाण्यावर ओणवा होता. बादलीचा तळ कापून त्याने काच बसवली होती, त्यातून खालची माणसं त्याला दिसत होती. तो एकदाही वर बघत नव्हता, विडी ओढत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता. सकाळभर वाळूत बसून चांगुणाबायने हेच शोधलं होतं. मला आधी फलक दिसला होता. तिला बादलीत तोंड घातलेला माणूस दिसला होता.

आठही जणी वर आल्या. कुणी खोकत होती, कुणी हसत होती. सगळ्या एकदम बोलत होत्या, खाली काय काय दिसलं ते. चांगुणाबाय प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवत मोजत होती. शेवटचा हात माझ्या पाठीवर पडला आणि मोजणी संपली, तेव्हा त्या माणसाने बादली तिच्यापुढे केली.

"कान भिजूक देव नका," एवढंच म्हणाला.

बादलीत बघायचं म्हणजे होडीच्या कडेवरून पुरतं ओणवं व्हायला हवं. कुणीतरी कमरेला धरायला हवं. दोन धडधाकट खलाशी पुढे आले. चांगुणाबायने काष्टा आवळला, त्या दोघांकडे बघितलं, मग आमच्याकडे. वांगी निवडतात तशी नजर सगळ्यांवरून फिरली.

"तू धर, बाय," ती मला म्हणाली. "आनि बोलू नको."

पुढे माझी बदली शहापूर तालुक्यात झाली. तीही थकल्यावर लेकीकडे राहायला गेली. ती गेल्याची बातमी मला महिन्याने कळली, त्यामुळे म्हातारी चांगुणाबाय मी पाहिलेलीच नाही. डोळ्यांपुढे राहिली ती अशी: होडीवर ओणवी, डोकं बादलीत, फताडी बोटं फळीत रुतवलेली, आणि तिच्या कमरेच्या लुगड्याचा पिळा माझ्या दोन्ही मुठींत. किती वेळ ती बघत होती, सांगता येत नाही. माझे हात भरून आले. बायका मागून विचारत होत्या, काय दिसतंय गो तिला, विचार ना, विचार ना. मलाही विचारायचं होतं. जीव जात होता विचारायला.

मी एक शब्द बोलले नाही.